रिकामं वजन

जिनिंगच्या काट्यावर मी एकोणीस वर्षं बसतो.
भरलेली गाडी चढते, आकडा लिहितो.
रिकामी होऊन येते, आकडा लिहितो.
पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो
तो माल.
बाकी सगळा पत्रा.

हे ठाऊक असूनही
आर्वीच्या पोहनकर मास्तरांची वॅगन-आर घेतली,
राखाडी, शिस्तीची, नऊ वर्षं शाळेत गेलेली,
आणि महिन्याभरात अमरावतीला नेली,
राजापेठेकडच्या एका गल्लीत
जिथे काचेमागे चाकं टांगली होती
बांगड्यांसारखी, मापामापाची.

दुकानातला पोट्टा म्हणाला,
"काका, गाडी म्हंजे आपला फोटो असते.
फ्रेम नाई लावत काय?"

लावली.
चार अलॉय, बावीस हजार.
पिवळे फॉग. समोर गार्ड.
काळं रेक्झिन, लाल शिवणीचं.
डिक्कीत एक खोका, त्यात कोंडलेला ढोल.
आणि मागे घेताना वाजणारा भोंगा,
शेपटीवर पाय पडल्यासारखा.
एकसष्ट हजार चारशे.
वरचे चारशे त्यानं सोडले,
मी त्याचे आभार मानले.

रात्री जिनिंगमध्ये कुणी नव्हतं,
गाडी काट्यावर चढवली.
मास्तरांकडून आणली त्या दिवशी आठशे चाळीस भरली होती.
आता नऊशे.
दीड मण हौस,
किलोला हजाराच्या वर भाव.
या काट्यावर एवढा भाव
मी कुठल्याच मालाला पाहिला नव्हता.

कुंदा उंबऱ्यातूनच म्हणाली,
"एसी लावला काय?"
"नाही."
"मंग कायले गेलते?"

गार्ड पहिल्याच आठवड्यात बंडीच्या जूला वाकलं.
रेक्झिन मे महिन्यात पाठीला चिकटून
सालीसारखं निघालं.
फॉगच्या उजेडात एकदा रोही दिसला,
तुरीच्या कडेला, एकटा,
तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे.
साध्या दिव्यातही दिसला असता म्हणा.

पण पाळी संपली की मी कालव्यावर जायचो.
काचा वर. रेडिओ लावलेला.
बाजारभाव सांगणारा तो माणूस
ढोलाच्या खोक्यातून असा बोलायचा,
जणू विहिरीच्या तळाशी बसून
सरकीचं भविष्य सांगतो आहे.
ढेपेचा दर ऐकताना
माझ्या बरगड्या हलायच्या.
हे मी कुंदाला सांगितलं नाही.
सांगायचं कसं.

सहा वर्षांनी कारंज्याचे ढोले आले.
बैल पाहतात तशी गाडी पाहिली,
चाकावर चापट मारली.
"याचे वेगळे पैसे नाही हो भाऊ.
मले पोराले शिकवणीले सोडाचं हाये.
जुनी चाकं हायेत काय?"

होती. माळ्यावर, पोत्यांखाली.
गाडी आपल्या जुन्या चपला घालून गेली.
जाण्याआधी शेवटची चढवली काट्यावर:
आठशे तीस.
दहा किलो कुठे गेले, माहीत नाही.
गंज असेल.

आता एका अलॉयवर रांजण आहे.
पाणी झिरपतं, आऱ्यांवरून उतरतं,
पाहुणे वाकून बघतात.
कुंदा सांगते, "साडेपाच हजाराची तिवई हाये,
धक्का नोका लावू."
दुसरं कोंबड्यांच्या खुराड्यावर, मुंगसासाठी.
उरलेल्या दोघांचं काय करायचं
ते अजून ठरलं नाही.

काल एक ट्रॅक्टर चढला.
कापूस कमी, झिरमिळ्या जास्त,
चाकांत निळे दिवे, दोन्ही मडगार्डांवर भोंगे.
वीसेक वर्षांचा पोट्टा, रोहण्याचा, येळणे आडनावाचा.
पावती घेता घेता हळूच म्हणाला,
"काका, बाबा लय बोल्ले. पैसे वाया गेले काय?"

मी म्हटलं, "रिकामी करून ये, मंग सांगतो."

आला तेव्हाही गाणं चालूच होतं.
काट्यावरचा शेवटचा आकडा
ठेक्याबरोबर हलत होता,
पाच, शून्य, पाच, शून्य.
नियमानं मी ओरडायला हवं होतं, बंद कर.
पेन हातात धरून
गाणं संपायची वाट पाहिली.